सतरा नंबरचा ठोकळा

लोकांना वाटतं, कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, पत्रकं आपोआप छापून येतात. तसं नसतं. कोणीतरी डोकं खाजवत, चार वेळा खोडत ती लिहीत असतं. आमच्या कौन्सिलात ते 'कोणीतरी' म्हणजे मी, डेस पेंगिली. 'अवजड कचरा : नागरिकांसाठी सूचना' हे दुपानी पत्रक माझं. आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही, पण त्यातलं कलम चार वाचावं. 'घरासमोरच्या गवताच्या पट्टीवर ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्याची राहत नाही. ज्याला हवी त्याने न्यावी. उरेल ती कौन्सिल उचलेल. तक्रार ऐकली जाणार नाही.' शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस घालवले होते.

आमच्या गल्लीत वर्षातून दोनदा हा सण येतो. सण म्हणायचं कारण असं, की त्या दिवशी घराघरांतून मोडके पंखे, खुर्च्या, व्यायामाची यंत्रं बाहेर येतात आणि संध्याकाळी अख्खी गल्ली पाय मोकळे करायला म्हणून निघते ती टेबललॅम्प घेऊन घरी परतते. आमचा दिवाणखान्यातला आरसा तसाच आलेला आहे. तो कोणाचा होता हे आम्हाला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, आणि ते जेवायला आले की आम्ही सगळे त्याच्याकडे पाठ करून बसतो.

तर या कलम चारनं माझ्याच बायकोचं एम.एस्सी. कसं गिळलं, ते सांगायचं आहे.

रोझलिन, म्हणजे रोझ, शाळेत शिकवते. तिला पुढे शिकायचं होतं आणि मी सतरा-अठरा वर्षं 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणत होतो. एक वर्ष छत गळत होतं, एक वर्ष धाकट्या मुलीच्या, टिलीच्या, दातांना तारा लावायच्या होत्या. मी वाईट माणूस नाही हो, मी फक्त पुढच्या वर्षीवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. मागच्या वर्षी मात्र रोझनं विचारलंच नाही. शाळेतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली, विद्यापीठात नाव घातलं आणि एका रविवारी नाश्त्याला अंडं सोलता सोलता म्हणाली, "मी माश्यांवर प्रबंध लिहितेय."

"घरातल्या माश्या?" मी विचारलं.

"एकट्या राहणाऱ्या मधमाश्या. पानं कापून नेतात आणि लाकडातल्या भोकात घर करतात."

"मध किती देतात?"

"अजिबात नाही."

"मग मधमाशी कशाला म्हणायचं?"

रोझनं अंड्यावर मीठ घातलं. हा प्रश्न पुढे तिला गल्लीतल्या प्रत्येकानं विचारला, त्यामुळे मी मूर्ख नव्हतो हे सिद्ध झालं.

तिनं रेडगमच्या लाकडाचे चोवीस ठोकळे केले. प्रत्येकाला बारा भोकं, कोपऱ्यात हिरव्या रंगात नंबर. मागच्या कुंपणावर ते ओळीनं टांगले. माशी आली, भोकात अंडं घातलं आणि हिरव्या पानाच्या चकत्यांनी तोंड बुजवलं, की रोझ वहीत लिहायची. सतरा नंबर तर आमच्या घरातला लाडका मुलगा झाला होता. त्याची अकरा भोकं बुजलेली. पाहुणे आले की मी त्यांना आधी सतरा नंबर दाखवायचो, मग मुली.

असा आमचा उन्हाळा सुरू झाला; आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिण भागात, तो डिसेंबर-जानेवारीत येतो. मी तीन आठवड्यांची रजा टाकली. फ्रिजवर रोझनं चार रंगांत वेळापत्रक लावलं. टिलीचं पोहणं, थोरल्या फ्रेयाची आइस्क्रीमच्या दुकानातली सुट्टीतली नोकरी, कपडे, डबे, कुत्रा. माझा रंग तपकिरी. वेळापत्रकात सगळ्यात जास्त तपकिरीच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती खालच्या ओळीबद्दल. तिथे लिहिलं होतं, 'मदतनीस : डेस, तात्पुरता.'

"तात्पुरता कशासाठी?" मी विचारलं.

"विद्यापीठात कायम मदतनिसाला प्रशिक्षण लागतं," रोझ म्हणाली.

एकोणीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला 'तात्पुरता' हा शब्द किती लागतो, हे खाजगीतल्या लोकांना कळायचं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात रोझ सहा दिवसांसाठी नदीकाठच्या शिबिराला गेली. तिथे फोन लागत नाही. शनिवारी ती परत येणार, त्याच दुपारी तिच्या मार्गदर्शक डॉ. थुई ठोकळे मोजायला येणार, आणि मंगळवारी शाळा सुरू. म्हणजे जे व्हायचं ते याच उन्हाळ्यात. जाताना तिनं मला एक कागद दिला. त्यावर एकच महत्त्वाची सूचना होती. पारा बेचाळीसच्या वर गेला तर ठोकळ्यांवर सावली करायची, हिरवं जाळीचं कापड गॅरेजमध्ये आहे.

मंगळवारी रेडिओ म्हणाला, चव्वेचाळीस.

जाळीचं कापड गॅरेजमध्ये नव्हतं. ते मीच टिलीच्या पोहायच्या छोट्या तलावावर बांधलं होतं आणि कुत्र्यानं त्याच्या चिंध्या केल्या होत्या. मी कुंपणावर छत्री बांधली, ती उडाली. चादर टाकली. तेवढ्यात समोरचे कोस्तास आले. कोस्तास म्हणजे निवृत्त प्लंबर, जन्म ग्रीसमधला, पंचेचाळीस वर्षं या गल्लीत आणि अख्ख्या जगाकडे टोमॅटोच्या नजरेनं बघणारे.

"चादर काढ," ते म्हणाले. "आत भट्टी होईल. टोमॅटोला मी कधी चादर घालत नाही."

"हे टोमॅटो नाहीत."

"जीव आहे ना? मग टोमॅटोच. खरी सावली पाहिजे, झाडाची. तुझ्या मागच्या अंगणात आहे काय? दोरी आणि कुत्रा. पुढे जा, जॅकरांडाखाली."

माणूस चुकतो तो बहुतेक वेळा चांगला सल्ला ऐकून. जॅकरांडा आमच्या घरासमोर, गवताच्या पट्टीवर. दाट, थंड सावली. मी चोवीस ठोकळे चार फेऱ्यांत वाहून नेले. नुसते नेले नाहीत, नंबराप्रमाणे मांडले, सहा-सहाच्या चार रांगा, मध्ये सारखं अंतर. एकोणीस वर्षांची शिस्त अशी जात नाही. मग घाम पुसून घरात आलो, कूलर लावला आणि मदतनीस या पदाला शोभेल अशी गाढ झोप काढली.

संध्याकाळी सहाला बाहेर आलो. गल्लीत गर्दी होती. कोणी खुर्ची उलटी करून पाय तपासत होतं, दोघं मिळून एक कपाट नेत होते. पलीकडच्या पट्टीवर सोफा, त्याच्या पलीकडे ट्रेडमिल. मला प्रसन्न वाटलं. आपलं पत्रक लोक वाचतात, असंही वाटलं. मग माझी नजर जॅकरांडाखाली गेली. तिथे गवत होतं. नुसतं गवत.

"गेले सगळे," शेजारच्या ओसरीवरून बेरिल म्हणाल्या. बेरिल ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि त्या कधीच कोणाकडे बघत नसतात. "मी काही बघत नव्हते हं. पण इतकं नीट मांडून ठेवलेलं या गल्लीत पहिल्यांदा दिसलं. लोक म्हणत होते, डेसनं किती प्रेमानं टाकलंय."

"टाकलं नव्हतं, बेरिल! सावलीत ठेवलं होतं!"

"अगंबाई," बेरिल म्हणाल्या. "मग ते पत्रक कोण लिहितो रे तुमच्यात?"

मी ऑफिसला फोन लावला. ग्लेनिस निघण्याच्या तयारीत होती. ग्लेनिस माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि माझा फार आदर करते असा माझा समज होता.

"ग्लेनिस, उद्याची आमच्या गल्लीची गाडी थांबव. माझी एक... खाजगी वस्तू चुकून पट्टीवर राहिली."

"कलम चार," ग्लेनिस म्हणाली.

"मला माहीत आहे कलम चार!"

"असणारच, तूच लिहिलंयस. वस्तू परत मिळण्याचा अर्ज भर, दहा दिवसांत निकाल."

"दहा दिवस? कोणी ठरवले?"

विचारलं आणि मला आठवलं. दहा दिवस मीच ठरवले होते, लोकांनी उगाच त्रास देऊ नये म्हणून.

बुधवारी सकाळी मी काउंटरवर गेलो. बाहेरच्या बाजूनं. एकोणीस वर्षांत त्या बाजूला पहिल्यांदा उभा राहिलो, तर काउंटर चक्क हनुवटीपर्यंत येतं. माणसाला तिथे आपण शाळेत असल्यासारखं वाटतं. ग्लेनिसनं मला आत घेतलं नाही, रजेवरचा माणूस म्हणजे नागरिक. अर्ज पुढे सरकवला. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात 'लाकडी ठोकळे' असं लिहायला माझा हात धजेना. रांगेत मागे ओळखीचे दोघं होते. मी लिहिलं, 'वैज्ञानिक उपकरणे'. 'अर्जदाराचा वस्तूशी संबंध' या रकान्यात लिहिलं, 'मालक'.

"मंजुरीला कोणाकडे जाणार हा?" मी विचारलं.

"तुझ्याकडे," ग्लेनिस म्हणाली. "रजेवरून आलास की बघ. आणि खाडाखोड नाही ना केलेली? खाडाखोड असली की तू परत पाठवतोस."

तेव्हा मी ठरवलं, पायी फिरायचं. मुलींपुढे स्वतःचं पितळ उघडं पाडून सगळं सांगितलं. टिली रडली, फ्रेया म्हणाली, "बाबा, आई तुला मारणार नाही. ती फक्त काही बोलणार नाही." त्यापेक्षा मारलेलं परवडलं असतं.

गल्ली तशी लहान आहे, पण दुसऱ्याच्या घरी जाऊन 'तुम्ही माझा कचरा उचलला, तो परत द्या' असं म्हणून बघा, म्हणजे ती किती लांब आहे ते कळेल. बेरिलनी, अर्थातच काही न बघता, सगळी यादी तोंडपाठ सांगितली. त्यांच्याकडेच दोन निघाले. नऊ भोकांत लोकर विणायच्या सुया उभ्या. कोपऱ्यावरच्या लॉकलनकडे चार होते, त्याच्या मैत्रिणीनं त्यांत उदबत्त्या खोचल्या होत्या आणि घरभर चंदनाचा वास सुटला होता. पाच तर बोलिंग क्लबात. तिथे चार म्हातारे पत्त्यांचा तो डाव खेळत होते, ज्यात भोकांत काड्या सरकवत गुण मोजतात. नऊ नंबरच्या ठोकळ्यावर त्यांचा सामना ऐन रंगात आला होता.

"डाव संपल्याशिवाय मिळणार नाही," त्यांच्यातला एक म्हणाला.

"माझ्या बायकोचा प्रबंध आहे तो!"

"प्रबंधाला वेळ लागतोच, मित्रा. बस. लिंबूपाणी घे."

मी पन्नास मिनिटं बसलो. बसल्या बसल्या एक गंमत बघितली. बुजलेल्या भोकांना त्यांनी हात लावलेला नव्हता. फळीवरून काड्या सरकवताना ते तेवढी भोकं सोडून पुढे जात होते.

"तिथे कोणीतरी राहतं ना," तो म्हातारा म्हणाला. "दार लावलेलं दिसतंय."

कोस्तासकडे सगळ्यात जास्त होते, सात. सहा टोमॅटोच्या कुंड्यांखाली, ते त्यांनी तक्रार न करता दिले. सातवा स्वयंपाकघराच्या खिडकीत होता.

"हा नाही," ते म्हणाले.

"कोस्तास, तुम्हीच मला पट्टीवर ठेवायला सांगितलंत!"

"सावलीत ठेव म्हटलं. कचऱ्याच्या दिवशी ठेव म्हटलं का मी? बस इथे. ओरडू नकोस."

मी खुर्चीवर बसलो. पाच-सात मिनिटांनी खिडकीत एक माशी आली. पोटाखाली हिरव्या पानाची चकती धरलेली, कोणी कंपासानं कापावी इतकी गोल. ती भोकाशी थांबली, पान वळवलं, गुंडाळलं आणि आत गेली. आतून बारीक आवाज येत होता. तीन महिने मी या ठोकळ्यांना पाणी, कपडे आणि कुत्रा यांच्यापासून सांभाळत होतो, पण एकदाही असं बसून बघितलं नव्हतं. ती बाहेर आली, उडाली. मी तिची वाट बघत बसलो. ती परत आली तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी कोस्तासच्या दंडाला धरलं.

"ती पान कशाला चिकटवते? काय लावून?" मी विचारलं.

"मला काय माहीत? बायको तुझी शिकतेय," कोस्तास म्हणाले. "तू तिला विचारलं नाहीस कधी?"

विचारलं नव्हतं. खरं सांगतो, मला त्या खुर्चीत लाज वाटली. मी तिला मध किती मिळतो ते विचारलं होतं, आणि त्यानंतर काहीच नाही.

कोस्तासनी ठोकळा दिला, पण रोज सकाळी आमच्या अंगणात येऊन बघण्याच्या अटीवर. शुक्रवार संध्याकाळपर्यंत इकडून तिकडून तेवीस जमले. नव्हता तो सतरा नंबर. बेरिल म्हणाल्या, तो कोणीतरी नेला होता, पण रात्री पलीकडच्या सोफ्याजवळ टाकून दिला. एका बाजूला चीर होती ना, म्हणून मग दुसऱ्या कोणी घेतला नाही. बुधवारी सकाळी कौन्सिलची गाडी घेऊन गेली.

शनिवारी रोझ आली, पाठोपाठ डॉ. थुई. मी सगळं सांगून टाकलं, एका दमात, दारातच, त्यांच्या पिशव्याही हातातून घेतल्या नाहीत. रोझ काही बोलली नाही. फ्रेया बरोबर होती. मग रोझनं वही काढली.

"कोणता ठोकळा कुठे होता? कुठल्या दिशेला तोंड करून? किती दिवस?"

"रागावली नाहीस?"

"नंतर रागावते. आधी सांग, विसरशील."

मी दोन तास सांगत होतो. उदबत्तीच्या धुराचं सांगितल्यावर 'हा तर आयता प्रयोगच' म्हणत डॉ. थुई आणि ती एकमेकींकडे बघून अशा काही खूष झाल्या, की मला काही कळेना. पण शेवटी डॉ. थुईंनी वही मिटली. "रोझलिन, बाकी सावरता येईल. पण सतरा नंबरशिवाय नाही. निम्मी घरटी त्यात आहेत. सोमवार संध्याकाळपर्यंत मिळाला तर ठीक, नाहीतर पुढचा उन्हाळा लागेल."

"पुढचा उन्हाळा नाही," रोझ म्हणाली. "रजा संपली."

एवढंच. मग ती उठून भांडी घासायला गेली. वेळापत्रकात त्या दिवसाची भांडी तपकिरी होती. मी तिच्या हातातून घेऊ लागलो, तर तिनं दिली नाहीत. रविवारी मी कौन्सिलच्या कचरागाड्यांच्या डेपोच्या बंद फाटकाबाहेर दोन तास घालवले. मनात सारखं येत होतं, हिनं अठरा वर्षं थांबून एक उन्हाळा मिळवला आणि तो मी सावलीत नेऊन टाकला.

सोमवारी आठ वाजता मी कामावर हजर झालो. डेपोला फोन लावला, कोणी उचलेना. टेबलावर माझ्या गैरहजेरीतले कागद. सगळ्यात वर दोन अर्ज सहीसाठी. एक माझाच, 'वैज्ञानिक उपकरणे'. दुसरा ग्लेनिसचा, 'कार्यालयात माश्या झाल्या आहेत, फवारणीस मंजुरी मिळावी, तातडीचे'.

"शुक्रवारपासून फिरतायत खिडकीवर," ग्लेनिस म्हणाली. "फवारणीवाला दहाला येतोय. पटकन सही कर. आणि टेबलावर तुझ्यासाठी भेट आहे, आवडली का सांग. गाडीवाल्या पोरांनी कचऱ्यातून काढली. तुझी पेनं सारखी घरंगळतात ना."

मी फवारणीचा अर्ज पुढे ओढला आणि पेन घ्यायला हात लांबवला. पेन एका भोकातून निघालं. भोक रेडगमच्या ठोकळ्यात होतं. बाजूला चीर, कोपऱ्यात हिरवा सतरा. अकरा दारांपैकी तीन आतून कुरतडून उघडलेली होती, आणि चौथ्यातून एक तोंड बाहेर बघत होतं.

"ग्लेनिस!" मी इतक्या जोरात ओरडलो, की रांगेतले नागरिकही सरळ उभे राहिले. "खिडक्या बंद कर! फवारणीवाल्याला परत पाठव!"

"अरे, तू तर उपकरणं म्हणाला होतास!" सगळं कळल्यावर ग्लेनिस कपाळाला हात लावून म्हणाली. "मला वाटलं दुर्बीण-बिर्बीण असेल. ठोकळा म्हटलं असतंस तर बुधवारीच दिला असता की, मेल्या! पाच दिवस तुझ्या टेबलावर पडलाय!"

मी रोझला फोन केला. मिळाला, एवढंच मला म्हणता आलं.

"बाहेर किती आल्या?" रोझ म्हणाली.

"तीन. चौथी बघतेय."

"कुठल्या रांगेतून? आधी वरच्या की खालच्या? हलवू नकोस. आलेच."

वीस मिनिटांत ती वही आणि काचेच्या बाटल्या घेऊन, पायात दोन वेगळ्या चपला घालून आली. ग्लेनिसनं तिला आत घेतलं, मला नव्हतं घेतलं. रोझ माझ्या खुर्चीवर बसली, हनुवटी टेबलावर टेकवली आणि तासभर भोकांवरून नजर हलवली नाही. मी शेजारी उभा राहून वेळ सांगत होतो. चौथी माशी नऊ वाजून बारा मिनिटांनी निघाली.

"रोझ," मी हळूच विचारलं, "ते पान चिकटवतात कशानं?"

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. "चावून," ती म्हणाली. "कडा चावून ओल्या करतात. कधीपासून विचारायचं होतं?"

"बुधवारपासून," मी म्हणालो.

ठोकळा बाहेर न्यायचा तर अर्ज मंजूर हवा, आणि जुन्या अर्जातलं 'मालक' हे कलम चारप्रमाणे धडधडीत खोटं होतं. म्हणून मी नवा अर्ज घेतला. वर्णन : लाकडी ठोकळा, नंबर सतरा. अर्जदाराचा वस्तूशी संबंध : मदतनीस, तात्पुरता. खाली अर्जदार म्हणून सही केली आणि मंजुरीच्या जागी दुसरी करणार, एवढ्यात रोझनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, अर्ज आपल्याकडे ओढला आणि 'तात्पुरता'वर आडवी रेघ मारली.

"खाडाखोड," ग्लेनिस मागून म्हणाली. "परत पाठवावा लागेल."

खाडाखोड केलेला अर्ज मी एकोणीस वर्षांत मंजूर केलेला नव्हता. त्या दिवशी केला.